सर्व्हरची खंडेनवमी

"आज हत्याराला हात लावत नसतोय, मॅडम," लाइनमन बजरंग म्हणाला. खड्ड्यात एकदा डोकावून तो पुन्हा खिशात हात घालून उभा राहिला.

खड्ड्यात आमच्या कारखान्याची इंटरनेटची केबल तुटून पडली होती. पाण्याच्या पाइपलाइनसाठी भल्या सकाळी कुणीतरी जेसीबी लावला होता. तो धुऊन पूजेला लावायचा म्हणून ड्रायव्हरनं घाईघाईत चर मारला, त्यात केबल तोडली आणि काम उरकून तो निघूनही गेला. आता त्या जेसीबीच्या कपाळाला कुंकू लागलं असेल, गळ्यात हार पडला असेल. आणि मी कोल्हापूरच्या एमआयडीसीबाहेर हायवेच्या कडेला, नव्या साडीत, धुळीत उभी राहून बजरंगची मनधरणी करत होते.

"बजरंग, अहो, नुसती जोडायचीय. तुमच्या हातचं काम आहे."

"हातचं हाय, पण हत्यारं घरात देवाम्होरं मांडल्यात. आईनं फुलं वाहिल्यात. उद्या दसरा झाल्यावर उचलायची. आज उचलली तर ती मला घरात घेईल का?"

"मग मी बोलते आईंशी."

त्याला वाटलं मी गंमत करतेय. पण गंमत करायच्या मनःस्थितीत मी अजिबात नव्हते. त्याला स्कूटरच्या मागच्या सीटवर बसवलं आणि थेट त्याचं घर गाठलं.

इथं आमच्या कामाबद्दल सांगायला हवं. मी सुनेत्रा कुंभोजे, इंगवले फौंड्रीत कॉम्प्युटर विभागाची प्रमुख. प्रमुख म्हणजे मी आणि माझ्या हाताखालच्या दोन मुली. फौंड्रीत लोखंड वितळायचं भट्टीत, पण त्याचा सगळा हिशोब असायचा मागच्या खोलीतल्या एका जुनाट सर्व्हरमध्ये. कुठल्या दिवशीच्या रसात काय पडलं, कुठलं कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, कुठल्या चाचणीत पास झालं, कुठला ट्रक काय घेऊन गेला, सगळं त्यात. टेस्ट सर्टिफिकेट छापून निघाल्याशिवाय गेटमधून एक कास्टिंग बाहेर पडत नसे. तो सर्व्हर आता म्हातारा झाला होता. दर उन्हाळ्यात धापा टाकायचा, अधूनमधून रुसून बसायचा. म्हणून मालकांच्या मुलानं, ऋतुराजसाहेबांनी, ठरवलं की सगळं क्लाउडवर न्यायचं. म्हणजे मुंबईच्या एका कंपनीची मशीन्स भाड्यानं घ्यायची आणि आपला सगळा डेटा केबलमधून तिकडं पाठवायचा.

ऋतुराजसाहेब जर्मनीत शिकून, तिथंच काही वर्षं नोकरी करून नुकतेच परत आले होते. ठरवायला त्यांना एक दुपार पुरली. मला मात्र त्यापायी सहा महिने घाम गाळावा लागला. जुनं सॉफ्टवेअर ज्या पोरानं लिहिलं होतं तो कॅनडात जाऊन बसला होता आणि फोनच उचलत नव्हता. वजनकाट्याचा कॉम्प्युटर नव्या कशाशीच बोलायला तयार नव्हता. मुंबईवाल्यांना एक प्रश्न विचारला की तो तिघांकडून फिरून, वेगळाच होऊन परत यायचा. आणि या सगळ्यावर ऋतुराजसाहेबांचं एकच पालुपद, "मॅडम, जगात सगळे करतात हे. तुम्हालाच का जड जातंय?"

शेवटच्या मीटिंगमध्ये तर त्यांनी सगळ्या खातेप्रमुखांसमोर सांगून टाकलं, "हे नीट पार पडलं तर डिपार्टमेंट तुमचं. नाही पडलं तर सगळं काम मुंबईच्या टीमला देऊ. मग इथं कुणी लागणारच नाही."

कुणी म्हणजे मी आणि त्या दोन मुली. एकीला मी कळ कशी दाबायची इथपासून शिकवलं होतं, आणि दुसरीचं लग्न या नोकरीच्या भरवशावर ठरलं होतं. मी घरी गेले आणि भाजी चिरता चिरता रडले, रागानं.

डेटा इतका होता की कामाच्या दिवसांत पाठवणं शक्यच नव्हतं. म्हणून मी खंडेनवमी आणि दसरा निवडले. भट्ट्या बंद, माणसं सुट्टीवर, केबल मोकळी. दसऱ्यानंतर कारखाना उघडायच्या वेळी सगळे कॉम्प्युटर आपोआप मुंबईकडे वळणार होते.

अडचण एकच होती. आमच्याकडे खंडेनवमीला प्रत्येक मशीनची पूजा होते. लेथ, ग्राइंडर, कॉम्प्रेसर, भट्टी, शेवटी कॉम्प्युटरची खोली. पुसायचं, कुंकवानं स्वस्तिक काढायचं, झेंडूचा हार घालायचा, नारळ वाढवायचा आणि हात जोडून त्याचा खटका पाडायचा. मग दसरा होईपर्यंत त्याला कुणी शिवायचं नाही. सर्व्हरही दर वर्षी बंद व्हायचा. या वर्षी तो बंद होऊन चालणार नव्हतं.

थोरले मालक बापूसाहेब यांच्याकडे मी आधीच गेले होते. त्यांचे गुडघे धरलेले, पण नजर पहिल्यासारखीच तीक्ष्ण.

"म्हणजे त्याला इसावा न्हाई?" त्यांनी विचारलं.

"या एकाच वर्षी नाही, बापूसाहेब. पुढच्या वर्षी तो निवृत्तच होणार आहे."

ते हसले. "मग चालतंय. हार घाला, कुंकू लावा, पण खटका नको. सांगा समद्यास्नी."

मी सगळ्यांना सांगितलं. वॉचमनला, फोरमनला, झाडूवालीला. आमचा वायरमन सर्जेराव पोवार याला तर दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा तो भडकला. "मॅडम, मला काय येकदा सांगून कळत न्हाई व्हय?" तरीही मी एका कागदावर लाल शाईनं ठसठशीत लिहिलं, 'खटका बंद करू नये', आणि तो सर्व्हरच्या खटक्याच्या वर चिकटवला. एका माणसाला तेवढं सांगितलं नव्हतं, ऋतुराजसाहेबांना. ज्यांची योजना त्यांनाच काय सांगायचं?

आदल्या संध्याकाळी मी डेटा पाठवायला सुरुवात केली होती. सगळं सुरळीत चाललं होतं. आणि सकाळी हा जेसीबी.

बजरंगची आई अंगणात पितळी भांडी घासत होती. मी सगळं सांगितलं. क्लाउड वगैरे काही बोलले नाही, एवढंच म्हणाले की ही तार आज जोडली नाही तर माझी आणि दोन पोरींची नोकरी जाईल.

तिनं हात धुतले. आत जाऊन देवापुढच्या हत्यारांवरची फुलं एकेक करून उचलली, पुटपुटत देवीची माफी मागितली आणि पेटी बजरंगच्या हातात दिली.

"जोडून लगीच घिऊन ये. परत म्होरं ठेवायची हाय," ती त्याला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "बाई, यंत्राला बी येक दीस इसावा लागतोय. तुमच्या कारखान्यात इसावा देत्यात न्हवं?"

"देतात हो," मी म्हणाले. माझा अर्धा जीव त्या खड्ड्यात अडकला होता.

बजरंगनं खड्ड्यात उतरून, उन्हात, एकेक तंतू जुळवून केबल जोडली. मी त्याच्या डोक्यावर छत्री धरून उभी होते. दुपार कलली तेव्हा तो म्हणाला, "झालं." मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. मी तिथूनच मुंबईला फोन लावला.

"लाइन आली की कॉपी आपोआप पुढे सुरू होते, मॅडम," तिकडचा मुलगा म्हणाला. "तुम्ही निर्धास्त राहा. काही प्रॉब्लेम आला तर आम्ही कळवतोच."

कारखान्यातली पूजा तोवर आटोपली होती, वॉचमननं कुलपं लावली होती. घरी माझी पूजा खोळंबली होती. मी घरी गेले. दसऱ्याला सोनं वाटलं, जिलेबी खाल्ली. मोबाइलवर कारखान्याच्या ग्रुपवर शुभेच्छा आणि पूजेचे फोटो धो धो येत होते, त्यातला एकही मी उघडला नाही. कळवतोच म्हणणाऱ्या मुंबईकडून काही आलं नाही, म्हणजे सगळं ठीक, असं मी धरून चालले.

दसऱ्यानंतरच्या सकाळी मी सगळ्यांच्या आधी कारखान्यात पोचले. कॉम्प्युटरच्या खोलीचं दार उघडलं आणि दारातच थबकले. त्या खोलीत कायम एक घरघर असायची. इतक्या वर्षांत माझ्या कानाला तिची सवय झाली होती. आज आत शांतता होती, आणि झेंडूचा वास.

सर्व्हर बंद होता. खटका खाली.

मी तिथल्याच स्टुलावर बसले. शिव्या मला फारशा येत नाहीत, पण येत होत्या तेवढ्या सगळ्या देऊन झाल्या. मग मुंबईला फोन.

"मॅडम, आम्ही ईमेल पाठवला होता. तुमच्याकडून सर्व्हर दिसत नाहीये म्हणून. तीन वेळा."

"कुठल्या पत्त्यावर?"

त्यानं सांगितला. तो आमचा ऑफिसचा पत्ता होता, आणि आमचा ईमेलही त्याच सर्व्हरमध्ये होता. बंद दाराला कडी वाजवून 'तुमचं दार बंद आहे' असं सांगण्यातला प्रकार.

"आणि उत्तर आलं नाही तर काय केलंत?"

"उत्तर आलं नाही तर ठरल्याप्रमाणे पुढे जायचं, अशी आमची पद्धत आहे, मॅडम."

म्हणजे कारखान्यातले सगळे कॉम्प्युटर ठरल्या वेळी मुंबईकडे वळले होते, आणि मुंबईत निम्माच डेटा होता. जुनी वर्षं तिकडं पोचली होती, नवी इथंच राहिली होती. गेटवर पुण्याचा ट्रक उभा होता. त्यात भरायचं कास्टिंग तयार होतं, तपासलेलं होतं, ऑइल लावून ठेवलेलं होतं. पण आमच्या नव्या सर्व्हरच्या मते ते अजून ओतलंच नव्हतं. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. पुण्याहून गिऱ्हाइकाचा माणूस दर थोड्या वेळानं फोन करून, तुमच्यामुळे आमची लाइन थांबणार, असं वरच्या पट्टीत सांगत होता.

जुना सर्व्हर चालू केला, तो बिचारा लगेच सुरू झाला. पण सगळे कॉम्प्युटर पुन्हा त्याच्याकडे वळवायला मुंबईची परवानगी हवी होती, आणि परवानगी देणारे साहेब दसऱ्याची रजा वाढवून गावी गेले होते. दोन्ही मुली आणि मी सकाळपासून ताटकळत, विनवण्या करत, भांडत बसलो होतो. परवानगी मिळून ट्रक हलला तेव्हा दुपारचं जेवण कधीच टळून गेलं होतं.

मग बोलावणं आलं.

बापूसाहेबांच्या केबिनमध्ये सगळे खातेप्रमुख भिंतीला टेकून उभे होते. ऋतुराजसाहेब येरझाऱ्या घालत होते. मधोमध सर्जेराव.

"एकच प्रश्न आहे," ऋतुराजसाहेब म्हणाले. "खटका कुणी पाडला?"

एकेकाच्या तोंडाकडे बघत ते सर्जेरावपाशी येऊन थांबले.

"सर्जेराव, इलेक्ट्रिकल तुमच्याकडे आहे."

"साहेब, मी हात लावलेला न्हाई. आरतीच्या टायमाला मी पंपावर हुतो. मॅडमनी दोनदा सांगितलं हुतं मला. दोनदा!"

"मग काय आपोआप पडला?"

"ते मला ठाऊक न्हाई. मी बघितलं न्हाई."

"माझ्या केबिनच्या एसीवरून आपलं वाजलं होतं त्याचा राग काढलात, दुसरं काय? इतकी साधी गोष्ट आहे. कागद लावलाय डोळ्यांसमोर, लाल अक्षरात. ज्याला तो वाचता येत नाही किंवा वाचायचा नाही, असा माणूस मला इथं नको. उद्यापासून येऊ नका." मग ते माझ्याकडे वळले. "आणि मॅडम, सॉरी, पण मी म्हटलं होतं तुम्हाला. साधं एक मशीन दोन दिवस चालू ठेवता येत नसेल तर मुंबईच्या टीमला बोलावलेलं बरं."

मी फोरमनकडे पाहिलं, तो फरशीकडे बघत होता. स्टोअरवाल्याकडे पाहिलं, तोही फरशीकडे बघत होता. पूजेच्या वेळी हे दोघं सगळ्यांबरोबर फिरले असणार. सगळ्यांनाच एकदम फरशीत एवढं काय दिसत होतं?

निदान पूजेच्या वेळी तरी सर्व्हर चालू होता का, हे बघावं म्हणून मी मोबाइल काढला आणि ग्रुप उघडला. शुभेच्छांच्या ढिगाऱ्यातून फोटो शोधत गेले. लेथला हार, भट्टीला हार, कॉम्प्रेसरला हार. आणि मग आमची खोली.

फोटो छान आला होता. सर्व्हरवर स्वस्तिक, झेंडूचा भरगच्च हार. माझ्या लाल अक्षरांच्या कागदालाही कुणीतरी भक्तिभावानं कुंकू लावलं होतं. आणि कागदाखाली, खटक्यावर बोट ठेवून, डोळे मिटून, अगदी मनापासून नमस्कार करत असलेले ऋतुराजसाहेब. अंगात रेशमी कुडता, कपाळावर टिळा.

लहानपणी बापूसाहेब या मुलाला कडेवर घेऊन प्रत्येक मशीनपाशी न्यायचे आणि त्याच्या हातानं खटका पाडून घ्यायचे, हे मी जुन्या लोकांकडून कितीदा ऐकलं होतं. घरातल्या धाकट्यानं खटका पाडायचा, ही इंगवल्यांची रीत. ते जर्मनीत होते तेव्हा बापूसाहेब पाडायचे. या वर्षी मुलगा परत आला होता, आणि गुडघ्यांमुळे बापूसाहेब मशीनपाशी फिरले नसणार.

मोबाइल बापूसाहेबांच्या टेबलावर ठेवला आणि त्यांच्याकडे सरकवला.

बापूसाहेबांनी चष्मा लावला. फोटो मोठा करून बघितला. मग त्यांनी तो मुलाकडे सरकवला.

ऋतुराजसाहेबांनी पाहिलं. त्यांचे कान लाल झाले. मला वाटलं, आता ते काहीतरी बोलतील. साधं एवढं तरी, की अरेच्चा, हे तर मीच केलं. ते एकदा हसले असते तरी आम्ही सगळे हसलो असतो आणि गोष्ट तिथंच संपली असती.

"ठीक आहे," ते म्हणाले. "डेटाचं काम पुढच्या सुट्टीत पुन्हा करा." आणि दाराकडे निघाले.

"म्हंजे मी जाऊ का ऱ्हाऊ?" सर्जेरावनं मागून विचारलं.

"कामाला जा," ते मागं न बघता म्हणाले.

झालं. एवढंच. फोरमनची मान वर आली, स्टोअरवाल्याला काहीतरी काम आठवलं. सर्जेराव बाहेर येऊन माझ्यासमोर हात हलवत म्हणाला, "बघितलंसा? हाकलताना समद्यांच्या म्होरं, आणि घेताना पाठ करून!" तो माझ्याच मनातलं बोलत होता.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळं पुन्हा केलं. या वेळी मी सर्व्हरच्या खोलीला कुलूप लावून किल्ली पर्समध्ये ठेवली होती. सगळा डेटा मुंबईला पोचला, कॉम्प्युटर वळले, ट्रक वेळेवर निघाला. कुणी शाबासकी दिली नाही. मुंबईच्या टीमचा विषय पुन्हा निघाला नाही, पण तो मागे घेतला असंही कुणी म्हणालं नाही. प्रत्येक महिन्यात मला वाटायचं, आज बोलावणं येईल. मुली विचारायच्या, "मॅडम, आपलं काय ठरलं?" आणि मी उगाच चिडून सांगायचे, "काम करा." ऋतुराजसाहेब समोर आले की कामापुरतं बोलायचे, नजर माझ्या खांद्यावरून भिंतीकडे. ते वर्षच असं चरफडण्यात गेलं.

पुढची खंडेनवमी आली. आता प्रश्न पडला, पूजा कशाची करायची? सर्व्हर तर मुंबईत.

"म्हणजे मुंबईला हार पाठवायचा का काय?" बापूसाहेब म्हणाले. "जुनी पेटी हाय न्हवं? तीच ठेवा. इतकी वर्सं राबलीय ती."

त्या पेटीच्या आत काही उरलं नव्हतं. सर्जेरावनं तिची वायरही कधीच काढून गोदामात टाकली होती, आणि हे कारखान्यात सगळ्यांना माहीत होतं. तरी पेटी पुसली, स्वस्तिक काढलं, हार घातला. या वर्षी मी मुद्दाम हजर राहिले. नारळ फुटला, आरती झाली. सगळे खातेप्रमुख, कामगार, माझ्या हाताखालच्या दोन्ही मुली दारात आणि खिडकीत दाटीवाटीनं उभे. बापूसाहेब खुर्चीवर. सर्जेराव पंपावर न जाता अगदी पुढे हाताची घडी घालून उभा होता.

ऋतुराजसाहेबांनी नमस्कार केला. हात वर नेला, खटक्यावर बोट ठेवलं. आणि थांबले.

त्यांनी वळून गर्दीत मला शोधलं. वर्षभरात पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं.

"मॅडम," त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "बंद करू?"

कुणी हललं नाही. सर्जेरावच्या मिशा तेवढ्या थरथरत होत्या. पण इतक्या सहज सोडणाऱ्यातली मी नव्हते. पर्समधून मोबाइल काढला, मुंबईला सगळं ठीक आहे ना हे तपासत असल्यासारखी त्यात चांगली निरखून बघत राहिले. ऋतुराजसाहेब खटक्यावर बोट ठेवून तसेच उभे राहिले, शाळेतल्या मुलासारखे.

मग मी मोबाइल परत पर्समध्ये ठेवला.

"करा," मी म्हणाले.